सेकंडहँड सीबीआर २५० आर घ्यावी का? आधी ती स्वस्त का मिळतेय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात २०१४ची होंडा सीबीआर २५० आर मिळतेय. सी-एबीएसवाली (पायाच्या ब्रेकने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो आणि चाक जाम होत नाही), दुसरा मालक, मीटरला ३८ हजार किलोमीटर, किंमत ८५ हजार सांगतायत. वापर म्हणजे रोज ऑफिसला जाऊन-येऊन २२ किलोमीटर, महिन्यातून एखादी कोकणची फेरी, कधी मागे बायको. मित्रांचं म्हणणं, बंद झालेल्या मॉडेलमध्ये पैसे घालू नकोस, यामाहाची आर१५ घे, नाहीतर सरळ केटीएमची आरसी ३९० घे.

गाडी चांगली आहे, त्यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्ही ठरवायचंय ते वेगळंच. एखादा पार्ट यायला पंधरा दिवस लागले, तर तेवढे दिवस तुम्ही ऑफिसला कशाने जाणार? घरात दुसरी दुचाकी असेल तर पुढचं सगळं वाचा. हीच एकमेव गाडी असणार असेल तर माझं उत्तर "नको" असं आहे, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नाही.

ही गाडी कमी भावात का जाते ते आधी समजून घ्या. २०११ साली ती आली तेव्हा तिच्या वर्गात फारशी स्पर्धा नव्हती. २०१३ला आरसी ३९०च्याच इंजिनाची ड्यूक ३९० आली आणि थोडे जास्त पैसे टाकले की ४३ पीएस (इंजिनाच्या ताकदीचं माप) मिळायला लागले. सीबीआरचे २५-२६ पीएस कागदावर एकदम किरकोळ दिसायला लागले. पुढे बीएस४ या धुराच्या नियमांच्या वेळी, २०१७ला, ती बाजारातून गेली, २०१८ला एलईडी हेडलाइट घेऊन परत आली आणि २०२०ला बीएस६ लागू झाल्यावर कायमची बंद झाली. म्हणजे आकडे बघून गाडी निवडणाऱ्यांनी तिला नाकारलं आणि नंतर कंपनीनेही हात आखडता घेतला. सेकंडहँड बाजारात भाव पडायला एवढं पुरतं. घेणाऱ्याचा त्यात फायदा आहे. पण हाच भाव उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमच्याही वाट्याला येणार, हे धरून चाला. "वापरून बघतो, नाही आवडली तर तेवढ्यालाच विकतो" हा हिशोब इथे जमत नाही.

आता जमेची बाजू. २४९.६ सीसीचं सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, डबल ओव्हरहेड कॅमचं इंजिन. टॉर्क २२.९ न्यूटन मीटर, तोही ७,००० आरपीएमला. रस्त्यावर याचा अर्थ असा की तीन-साडेतीन हजारांपासून गाडी न अडखळता ओढते, शहरात सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. सहाव्या गिअरमध्ये १०० किमीच्या वेगाला इंजिन साधारण ६,३०० आरपीएमवर असतं आणि आरपीएमची कमाल मर्यादा (लिमिटर) १०,५००च्या आसपास, म्हणजे हायवेवर ते दमत नाही. नीट चालवली तर ३० किमीच्या आसपास अॅव्हरेज, टाकी १३ लिटरची, त्यामुळे कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाऊन परत यायला मध्ये पेट्रोलची चिंता नाही.

"तीनशे नव्वदचा पिकअप वेगळाच" हे मित्रांचं म्हणणं खरं आहे, पण तो वापरायचा कुठे हेही बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. तुमचे रस्ते म्हणजे आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा. तिथे वळणातून बाहेर पडताना हातात येणारी सरळ, अंदाज बांधता येणारी ताकद लागते आणि ती या इंजिनात भरपूर आहे. शिवाय जुन्या ३९० गाड्या बहुतेक दामटून चालवलेल्या मिळतात आणि ट्रॅफिकमध्ये पायाला लागणारी उष्णता वेगळीच. आर१५ हलकी, १५५ सीसी, पार्ट गल्लोगल्ली मिळणारा. पण हँडल खाली, मनगटावर भार आणि मागची सीट उंच. बायकोला घेऊन गगनबावड्याला जायचं असेल तर तिला आधी अर्धा तास मागे बसवून बघा, मग ठरवा. सीबीआरचं हँडल या दोन्हींपेक्षा बरंच वर आहे. लांबच्या पल्ल्याला तिची खरी किंमत तिथे कळते.

उणे बाजूला सगळ्यात वर फेअरिंग, म्हणजे गाडीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण. गाडी एकदा आडवी झाली की साइड पॅनल, त्याचे लग, आतली ब्रॅकेट, इंडिकेटर असं सगळं एका दमात जातं. ओरिजिनल पॅनल महाग, रंगानुसार मागवावं लागतं आणि कधी मिळतं तर कधी नाही. बाजारातली डुप्लिकेट पॅनल्स स्वस्त असतात, पण त्यांची भोकं दोन-तीन मिमी इकडेतिकडे असतात. मग मेस्त्री ओढून स्क्रू लावतो आणि सहा महिन्यांत तिथेच चीर जाते. इंजिनाचं सामान त्या मानाने सोपं. हेच इंजिन परदेशातल्या सीबीआरलाही होतं आणि त्याचाच लांब स्ट्रोकचा २८६ सीसी भाऊ नंतर सीबी ३००आरमध्ये आला. ऑइल फिल्टर एचएफ११२ या नंबरचा, इतर बऱ्याच गाड्यांना चालणारा. चेन ५२०, स्प्रॉकेट १४ आणि ३८ दातांचे. टायर पुढे ११०/७०-१७, मागे १४०/७०-१७. झिजणारं सामान अडत नाही. अडतं ते प्लास्टिक, स्विच, मीटर, एबीएसचं युनिट. पार्ट मागवताना नावाने कधीच मागू नका, कॅटलॉगमधला पार्ट नंबर द्या. एबीएस आणि विनाएबीएस गाड्यांचे ब्रेकचे पार्ट वेगळे आहेत, आणि काउंटरवर "सीबीआरचे पॅड द्या" म्हटलं की सीबीआर १५० आरचे हातात पडण्याची शक्यता जास्त.

बाकी ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिमी. डबलसीट असताना गावाकडचे उभे स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात. वजन १६५ किलोंच्या घरात, ते चालताना जाणवत नाही, उतारावर पार्किंगमधून मागे ओढताना जाणवतं.

आता तपासणी. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून थंड आहे याची खात्री करा. चावी फिरवली की पिवळा इंजिनचा दिवा आणि एबीएसचा दिवा दोन्ही लागले पाहिजेत. इंजिनचा दिवा थोड्या वेळात विझतो, एबीएसचा मात्र गाडी चालू लागून १० किमीच्या आसपास वेग आला की विझतो. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे हे सगळ्यांना कळतं. पण दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी काढलाय किंवा झाकलाय, आणि ते जास्त वाईट.

थंड इंजिन चालू केल्यावर वरच्या भागातून दोन-चार सेकंद करकर आली आणि थांबली तर चालेल. इंजिन गरम झाल्यावरही तीन-चार हजार आरपीएमला तोच आवाज राहिला तर टायमिंग चेनचा टेन्शनर गेलाय. टेन्शनर बदलणं मोठं काम नाही. पण तो तसाच ठेवून गाडी बरीच पळवली असेल तर चेनचे गाइडही झिजलेले असतात आणि मग इंजिन उघडण्याचा खर्च येतो. या आवाजासाठी किंमत कमी करून मागायची, दुर्लक्ष करायचं नाही.

३८ हजारांच्या गाडीत मी न चुकता विचारतो तो प्रश्न म्हणजे टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची बारीक गॅप) कधी बघितले? बहुतेकदा उत्तर "कधीच नाही" असं येतं, कारण आवाज येत नाही. गोची तिथेच आहे. या इंजिनात झिजेने गॅप वाढण्यापेक्षा कमी होत जाते, आणि गॅप कमी झाली की टॅपेट गप्प बसतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा झाला की गरम गाडी पुन्हा चालू व्हायला कुरकुर करते, आयडल वरखाली होतं. माप इनलेटला ०.१६ मिमी, एक्झॉस्टला ०.२७ मिमी, दोन्हीकडे ०.०३ची सूट, आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. या इंजिनाची रचना त्या बाबतीत छान आहे. शिम (गॅप जुळवायच्या बारीक चकत्या) रोलर रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्टीच्या, खाली आहेत आणि रॉकर बाजूला सरकवता येतो, त्यामुळे शिम बदलायला कॅम काढावे लागत नाहीत. टायमिंग चुकण्याची भीती त्यामुळे बरीच कमी होते. तरीही फेअरिंग आणि टाकी काढावी लागते, म्हणून अर्धा दिवस जातो आणि म्हणूनच गॅरेजवाले टाळतात.

या मॉडेलची जुनी, सगळ्यांना माहीत असलेली तक्रार म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल अगदी हलक्या हाताने डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर, चाक सरळ असताना, बारीकसा खटका लागला किंवा हँडल तिथेच रुतून बसल्यासारखं वाटलं, तर बेअरिंगच्या वाटीत खड्डे पडलेत. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा. तिथे टकटक आली तर कोनसेट सैल आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच गॅरेजमध्ये चूक होते. सैल असेल तर घट्ट करून भागतं. खड्डे पडले असतील तर घट्ट केल्याने उलट नुकसान होतं. हँडल जड होतं आणि कमी वेगात गाडी सरळ न जाता डुलत जाते. अशा वेळी पूर्ण सेट बदलायचा. बरेच जण टेपर रोलर बेअरिंग टाकतात, ते जास्त टिकतं. बदलल्यावर ५०० किमीने एकदा पुन्हा ताण बघून घ्यायचा.

सी-एबीएसबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमची गाडी तीच आहे आणि बहुतेक गॅरेजना हे माहीत नसतं. यात पायाचा ब्रेक दाबला की मागच्या कॅलिपरबरोबर (डिस्क आवळणारा भाग) पुढच्या कॅलिपरचा मधला पिस्टनही काम करतो. हाताच्या लिव्हरवर कडेचे दोन. म्हणजे पुढच्या एकाच कॅलिपरमध्ये दोन वेगळे तेलमार्ग येतात आणि हवा काढायला निपलही दोन. मेस्त्रीने सवयीने एकच निपल ब्लीड केलं तर हाताचा ब्रेक कडक होतो आणि पायाचा स्पंजसारखा राहतो. मग "मास्टर सिलिंडर गेला" म्हणून विनाकारण खर्च सांगितला जातो. तपासायला पुढचं चाक उचलून फिरवा आणि पायाचा ब्रेक जोर लावून दाबा. चाक थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर मधला पिस्टन गंजून अडकलाय किंवा त्या मार्गात हवा आहे. कोकणात फिरलेल्या, पावसाळ्यात बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टन अडकण्याची शक्यता जास्त. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. पातळी भरून चालत नाही. तेल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी एबीएसच्या मॉड्यूलमध्ये जाऊन बसतं. तो या गाडीतला सर्वांत महाग पार्टांपैकी एक.

पडलेली गाडी ओळखायला पॅनल बघू नका, पॅनल बदलता येतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून स्टॉपर कुठे टेकतो ते खाली वाकून बघा. तिथे दबलेलं किंवा वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. मग कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. बार-एंड, फूटरेस्टची टोकं, लिव्हरच्या गोळ्या यांवर एकाच बाजूला घासल्याच्या खुणा असतील तर साधं आडवं पडणं, त्याने फार बिघडत नाही.

कूलंट थंड असतानाच बघा. रंग तपकिरी असेल तर आत नळाचं पाणी ओतलेलं आहे. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आलेला किंवा वाळलेला डाग असेल तर पंपाचा सील गेलाय. गाडी फिरवून आणल्यावर उभी चालू ठेवा आणि फॅन लागतो का ते बघा. क्लचसाठी पाचव्या गिअरमध्ये ५०च्या वेगाला, चढावर, एकदम पूर्ण एक्सिलरेटर द्या. आरपीएम पळाले आणि वेग वाढला नाही तर प्लेट संपल्या. कारचं ऑइल टाकल्यानेही असं होतं, म्हणून बाटलीवर जेएएसओ एमए लिहिलेलं बघूनच ऑइल घ्यायचं. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला बोटाने ओढा. अर्ध्या दातापेक्षा जास्त उचलली गेली तर पूर्ण किट बदलायचं, नुसती चेन नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, सगळे द्रव बदलून टाका. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, फिल्टरसकट १.५ लिटर. फिल्टर बसवताना त्यावरची "आउट-साइड" ही खूण बाहेरच्या बाजूला हवी. उलटा बसतो, झाकणही लागतं, पण ऑइल गाळलं जात नाही आणि बाहेरून काहीच कळत नाही. एअर फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा आहे. त्याला हवा मारून साफ करायचा नसतो, नवा टाकायचा. मागच्या शॉकअपची लिंकेज खोलून ग्रीस करून घ्या. प्रेशरने धुतलेल्या गाडीत ती हमखास कोरडी निघते आणि मग गाडी मागून उडते. लोक शॉकअपला दोष देतात.

टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. मागे रुंद टायर टाकायचा मोह होतो, टाकू नका. रिम चार इंचांची आहे, टायर आवळला जातो आणि वळणात गाडी झुकायला जड होते.

पेट्रोलबद्दल. ही गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायच्या आधीची. इंजिन त्यावर चालतं, अॅव्हरेज थोडं कमी होतं. त्रास होतो तो पेट्रोलच्या पाइपांना आणि गाडी उभी राहिली की टाकीला. रबरी पाइप वर्षातून एकदा दाबून बघा, चिरा किंवा फुगवटा दिसला की बदला. पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या जागेत ओलावा धरतो आणि इथेनॉल तो ओढून घेतं.

आता पैशाचं. चेन किट साधारण पाच हजार, टायरची जोडी आठ हजार, बॅटरी दोन, डिस्क पॅड दोन, कोनसेट मजुरीसकट दोन, सगळे द्रव आणि फिल्टर अडीच, फोर्क सील आणि ऑइल दोन. शहराप्रमाणे आणि ब्रँडप्रमाणे यात फरक पडेल. सगळंच करावं लागलं तर साडेतेवीस हजार होतात, सगळंच करावं लागेल असं नाही. तुम्ही तपासल्यावर यातलं जे निघेल त्याची बेरीज ८५ हजारांतून वजा करून किंमत मागा. टॅपेट बघितलेले नसतील तर अजून दोन-अडीच हजार कमी. सगळी बिलं असलेली, चांगले टायर असलेली गाडी ऐंशीलाही महाग नाही. बिलं नाहीत, टायर जुने, कोनसेट खटकतोय अशी गाडी साठच्या वर घेऊ नका.

तुमच्यासारख्या वापराला, घरात एखादी स्कूटर असेल आणि तुमचा मेस्त्री मॅन्युअल उघडून बघायला तयार असेल, तर मी आर१५पेक्षा हीच सुचवेन. हे दोन्ही नसेल आणि तरी मोठी, आरामात बसता येणारी स्पोर्ट्स बाइक हवी असेल तर थोडं थांबून सेकंडहँड सुझुकी जिक्सर एसएफ २५० बघा. २०१९पासूनची, २६.५ पीएसची, रेडिएटरची भानगड नसलेली. तीही लोकांच्या डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे भाव बरा मिळतो.

कागदपत्रं शेवटी लिहितोय, पण टोकन देण्याआधी बघायची. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः पडताळा. परिवाहन या सरकारी वेबसाइटवर कर्जाचा बोजा दिसतोय का, चलनं बाकी आहेत का ते बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ विकणाऱ्यानेच आणायचं. एचएसआरपी प्लेट लागलेली असावी. २०१४ची नोंदणी म्हणजे २०२९ला १५ वर्षं होतात, मग फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण करावं लागेल, तेही किमतीत धरा. कर्नाटक पासिंगची गाडी कोल्हापुरात स्वस्त मिळते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स जोडला की स्वस्ताई संपते. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्यावरही दहा-पंधरा हजार हातात राखून ठेवा आणि आरसीवर तुमचं नाव चढल्याचं परिवाहनवर दिसलं की मगच द्या.